काखेत कळसा

अंगठीचे फोटो मिळाले. वरून काढलेला, बाजूने काढलेला, निळ्या मखमलीच्या डबीतला, तुझ्या होणाऱ्या बायकोच्या बोटातला. आतल्या बाजूचा एकही नाही. कोंदणाच्या पाठीचा नाही. शिक्का वाचता येईल असा तर नाहीच. आणि सगळ्या मजकुराच्या खाली एक ओळ : 'सर, साडेसात हजार पौंड सांगतोय. बरोबर आहे का?'

कशावरून सांगू? मखमलीवरून?

हाच प्रश्न कुणी तुला विचारला असता, तर तूच त्याला झापलं असतंस. खडे ओळखण्याच्या परीक्षेत माझ्या वर्गात पहिला आलेला मुलगा तू. मॉइसनाइट आणि हिरा शेजारी ठेवले तर भिंगातून एका नजरेत वेगळे करायचास. आज लंडनमध्ये यंत्रांच्या सुट्या भागांची मापं तपासतोस आणि केसभर फरक निघाला तरी माल परत पाठवतोस. कंपनीचे पैसे असले की एवढी कडक नजर! आणि स्वतःचे पैसे मोजून जन्मभराची वस्तू घ्यायला गेलास तेव्हा माप नाही, भिंग नाही, एक धड प्रश्न नाही. अडाणी माणूस फसला तर मला त्याची कीव येते. तुझी येत नाही. तुझा राग येतो.

खरं सांगू? किंमत बरोबर आहे का हे तुला जाणून घ्यायचंच नाही. तुला होकार हवाय. अंगठी तुला आवडली, तिला आवडली, मनातल्या मनात पैसे देऊनही झाले. आता मास्तर 'घे' म्हणाले की जबाबदारी मास्तरांच्या गळ्यात. मी नाही ती घेणार. काम तुझं आहे आणि ते तुला येतं.

दुकानदाराचं कार्ड पुन्हा वाच. 'एडवर्डकालीन, अंदाजे १९१०. जुना युरोपियन घाट. अंदाजे १.२५ कॅरेट. रंग जी-एच. व्यास ६.३ मिलिमीटर.' काळ अंदाजे, वजन अंदाजे. किंमत मात्र अंदाजे नाही, ती शेवटच्या पौंडापर्यंत पक्की. हे वाचून तुला काहीच खटकलं नाही?

व्यास छापलेला आहे, तिथूनच सुरुवात कर. गोल हिऱ्याचं कोंदणातलं वजन काढायचं सूत्र मी तुम्हाला घोटून घेतलं होतं : व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ०.००६१. मापं मिलिमीटरमध्ये, उत्तर कॅरेटमध्ये. व्यास ६.३, म्हणजे वर्ग ३९.६९. खोली कार्डावर नाही. का नाही, हे विचारलंस का? असू दे. जुन्या घाटाचा हिरा खोल असतो, म्हणून सढळ हाताने ४.१ धर. गुणाकार कर. ०.९९ कॅरेट येतं. सव्वा कॅरेट भरायला याच व्यासाच्या हिऱ्याची खोली पाच मिलिमीटरच्याही वर जायला हवी. एवढा खोल खडा त्या बसक्या कोंदणात मावेल कुठे? तुझ्याच बाजूच्या फोटोत दिसतंय, मावणार नाही.

सूत्र तंतोतंत नसतं, मान्य. पाच टक्के इकडे, पाच टक्के तिकडे. जाड कंबरेच्या खड्यात थोडं जास्तही. पण इथे पाचवा हिस्सा गायब आहे. आणि हिऱ्याचा भाव सरळ रेषेत चढत नाही, हे तुला ठाऊक आहे. एक कॅरेटचा उंबरा ओलांडला की दर कॅरेटमागचा भावच उडी घेतो. म्हणजे तू नसलेल्या पाव कॅरेटचे पैसे देणार, आणि असलेल्या प्रत्येक सेंटचे चढ्या दराने देणार. कोंदण मागून उघडं आहे, कॅलिपरचे जबडे वरच्या सपाट पैलूपासून खालच्या टोकापर्यंत सहज पोचतात. एक मिनिटाचं काम. ते कॅलिपर तुझ्या बॅगेत होतं ना? मग काढलं का नाहीस? लाज वाटली? दुकानदाराला काय वाटेल? साडेसात हजार पौंड देताना लाज वाटत नाही, माप घेताना वाटते?

म्हणे, 'सर, खडा काढला तर कोंदण मोडेल, असं तो म्हणाला.' त्यात तथ्य आहे. शंभर वर्षांचे पातळ काटे उघडायला कसलेला कारागीर लागतो. जीआयए ही संस्था मोकळ्या हिऱ्यालाच प्रतवारीचं प्रमाणपत्र देते, कोंदणातल्या नाही, हेही खरं. पण म्हणून रंग 'जी-एच' हे कुठून आलं? कुणी ठरवलं? कोणत्या प्रमाणखड्यांशी ताडून? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे त्या दुकानदाराला पक्कं कळलंय आणि तुला कळूनही वळत नाहीये. प्लॅटिनमच्या पांढऱ्या कोंदणात पिवळसर हिरासुद्धा गोरा दिसतो. पांढऱ्या कागदाची घडी कर, अंगठी उलटी धर, दिवसाच्या उजेडात बाजूने बघ. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली नाही. खिडकीपाशी, जमलं तर उत्तरेच्या. जुन्या खड्यांत के, एल, एम रंगाचे पुष्कळ निघतात. देखणे असतात. मला स्वतःला ती उबदार झाक आवडते, आणि ती आवडायला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती 'के'चा खडा 'जी'च्या भावाने विकत घेण्याला.

आता घाटाबद्दल. फोटोत वरच्या पैलूतून खाली बघितलं की मधोमध एक लहानसं वर्तुळ दिसतं. ते कापलेलं टोक. वरचा सपाट पैलू आटोपशीर, मुकुट उंच. घाट जुनाच आहे, १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्कीने प्रकाशाचं गणित मांडून हल्लीच्या घाटाची प्रमाणं पक्की केली, त्याच्या आधीच्या धाटणीचा. हे मी इथे बसून सांगतो. पण जुना घाट म्हणजे जुना हिरा, हे तुला कुणी शिकवलं? मी नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांनाही आज हौसेने असाच घाट देतात. नव्या अंगठ्या हुबेहूब जुन्या नक्षीत ओततात. आणि तू लिहितोस, 'टेस्टर लावून दाखवला सर, हिरवा दिवा लागला.' तो टेस्टर उष्णता किती भरभर वाहते एवढंच सांगतो. प्रयोगशाळेतला हिरासुद्धा हिराच असतो, त्यालाही हिरवा दिवा. मॉइसनाइट १९९८ च्या सुमारास बाजारात आलं आणि तेही या टेस्टरला चकवतं. हा धडा तू पाठ केला होतास. परीक्षेत लिहिलाही होतास. मग हिरवा दिवा बघून मान का डोलावलीस? दिवा लागला याचा आनंद झाला म्हणून.

पैलूंच्या धारा बघ. शतकभर वापरलेल्या हिऱ्याच्या धारा भिंगाखाली कुठे ना कुठे घासलेल्या, बारीक टवके उडालेल्या दिसतात. सगळ्या धारा काल पाडल्यासारख्या तीक्ष्ण असतील तर विचार : हिरा नंतर बदलला का? की पुन्हा घासला? कंबर जुन्या पद्धतीची, दुधी काचेसारखी खरबरीत आहे, की गुळगुळीत पैलूदार? भेगा काचेने भरल्या असतील तर खडा हलवताना निळी-जांभळी झाक चमकून जाते. दहा पटींचं भिंग, दोन मिनिटं. तुझं भिंग कुठे आहे? गहाण टाकलंस?

शिक्क्याची गोष्ट तर मला सर्वांत झोंबली. तू लिहिलंस, 'आत १८ सीटी आणि प्लॅट असा शिक्का आहे, म्हणजे जुनीच.' शिक्का धातू सांगतो. वय नाही सांगत. लंडनच्या हॉलमार्कमध्ये बिबट्याचं तोंड असतं, बर्मिंगहॅमच्या हॉलमार्कमध्ये नांगर, आणि त्या काळी सोबत सालाचं अक्षर. ते अक्षर असतं तर वर्ष हातात आलं असतं. रत्नजडित अंगठ्यांना तेव्हा पुष्कळदा पूर्ण हॉलमार्क नसायचाच, म्हणून नुसता 'प्लॅट' हा दोष नव्हे. पण तो पुरावाही नव्हे. प्लॅटिनमला ब्रिटनमध्ये अधिकृत हॉलमार्क मिळू लागला तो १९७५ पासून. म्हणजे उद्या कुणी 'एडवर्डकालीन' अंगठीत प्लॅटिनमचा सगळा हॉलमार्क दाखवला, तर तो कधी मारला हे विचारायचं. शिक्का नंतरचा, की अंगठीच नंतरची? १५ कॅरेट सोन्याचा दर्जा तिथे १९३२ साली बंद झाला, म्हणून तो शिक्का खरा असेल तर खूप काही सांगतो. अठरा कॅरेटचा नुसता आकडा असं काही सांगत नाही. हे सगळं तुझ्या वहीत आहे. वही पुण्याला आईकडे असेल तर तिला फोटो काढून पाठवायला सांग. लाज सोड आणि सांग.

वय शिक्क्यात नाही, कामात बघायचं. पाठीच्या जाळीत करवतीचे बारीक चरे दिसतात का? हाताने कापलेली जाळी कधीही अगदी एकसारखी नसते. ओतीव कामात कोपरे बोथट असतात, कुठे कुठे सुईच्या टोकाएवढी छिद्रं. कडेचे मणीदार ठिपके झिजलेत का? बोटाखालची पट्टी झिजून पातळ झाली आहे का, की वरचा भाग म्हातारा आणि पट्टी तरणी? तसं असेल तर पट्टी बदलली आहे, आणि डाक दिलेल्या जागी रंगाची रेघ दिसेल. कधी कधी तर एखाद्या पिनेचा मधला भाग काढून त्याला खाली पट्टी जोडतात आणि 'जुनी अंगठी' म्हणून विकतात. दोन्ही भाग खरे जुने असले, तरी अंगठी जुनी नसते.

आणि हिऱ्याभोवतीचे ते चौकोनी नील? त्यांच्याबद्दल तू एक शब्द विचारला नाहीस. 'एवढे जुने, म्हणजे अस्सलच असणार,' हे तू स्वतःच ठरवून टाकलंस. ऑगस्ट वर्नेयने कृत्रिम माणकाची पद्धत १९०२ साली जाहीर केली, पुढच्या काही वर्षांत नीलही तसाच बनू लागला. खऱ्याखुऱ्या जुन्या अंगठ्यांत मूळचेच कृत्रिम नील बसवलेले सापडतात. भिंगाखाली वाढीच्या रेघा वक्र दिसल्या की समजायचं. त्याने अंगठी खोटी ठरत नाही. किंमत मात्र बदलते, आणि तू किंमतच विचारतोयस ना?

कार्डावर नसलेली, दुकानदाराने नुसती तोंडी सांगितलेली एक गोष्ट तू मोठ्या कौतुकाने लिहिलीस : 'हिरा भारतातला, बहुतेक गोलकोंड्याचा.' आणि तू विरघळलास. समोर भारतीय चेहरा दिसला की हे वाक्य सुचतं, एवढं तरी ओळखायला हवं होतंस. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे जवळजवळ आपणच पुरवत होतो, खरं आहे. पण १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेचे हिरे निघाले आणि १९१० च्या लंडनमधला सराफ बहुतेक तेच बसवत होता. हिरा फार स्वच्छ, पाणीदार आहे म्हणून गोलकोंड्याचा? टाइप टू-ए जातीचे, जवळजवळ नायट्रोजन नसलेले हिरे गोलकोंड्याला निघाले आणि दक्षिण आफ्रिकेतही. १९०५ साली सापडलेला, ३१०६ कॅरेटचा कलिनन त्याच जातीचा. जातीवरून गाव कळत नाही. त्र्यंबकेश्वरचा नासक हिरा बघ. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती लागला, लंडनला गेला, १९४० साली हॅरी विन्स्टनने पुन्हा पैलू पाडून ४३.३८ कॅरेटवर आणला. त्याचं गाव आपण ठामपणे सांगतो, कारण तो कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नोंद मागे उरली आहे. तुझ्या अंगठीची एक तरी जुनी पावती आहे? नाही. मग 'गोलकोंडा' या नावाला एक पेनीसुद्धा मोजायची नाही. अभिमान फुकट बाळग.

आता तुझा सर्वांत लाडका बचाव. 'विम्याचं मूल्यांकन अकरा हजार पौंडांचं आहे सर, म्हणजे साडेतीन हजारांचा फायदाच.' हे वाक्य लिहिताना हात थांबला नाही? ते मूल्यांकन कुणी करून घेतलं? विकणाऱ्याने. कशासाठी? वस्तू हरवली तर तशीच दुसरी भर बाजारातून, भर भावाने आणायला किती लागतील याच्यासाठी. तो आकडा मुळातच चढा असतो. उद्या तीच अंगठी घेऊन तू त्याच गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात जा आणि विकायला काढ. काय मिळेल? अकरा हजार? साडेसात तरी? एका वस्तूच्या तीन किमती असतात : विम्याची, दुकानातली आणि तुझ्या हातून परत जाताना मिळणारी. तू पहिलीशी दुसरी ताडून बघितलीस आणि खूश झालास. तिसरीकडे ढुंकूनही बघितलं नाहीस, कारण ती बघितली असती तर मोह उतरला असता.

दर ताडून बघितले म्हणतोस. कशाशी? आणखी तीन दुकानांच्या सांगितलेल्या भावांशी. सांगितलेला भाव म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. विकलेला भाव बघ. बॉनहॅम्स, क्रिस्टीज, सदबीज यांच्या लिलावांचे निकाल उघड असतात. जुना युरोपियन घाट, एक कॅरेटच्या आसपास, त्याच काळची धाटणी, अशा वस्तू शोध. निकालाच्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय की नाही, ते बघ, कारण ते कमिशन लहान नसतं. रापापोर्टच्या यादीकडे धावू नकोस. ती हल्लीच्या घाटांच्या घाऊक बाजाराची यादी आहे, तिथला रकाना तसाच्या तसा उचलून जुन्या हिऱ्याला लावता येत नाही. पाच-सहा खरे व्यवहार सापडले की आकडा आपोआप एका पट्ट्यात येतो. एका संध्याकाळचं काम. 'वेळ नाही मिळाला' हे मला सांगू नकोस. ज्या संध्याकाळी तिच्या बोटातले फोटो काढत बसलास, ती संध्याकाळ होती ना?

आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. तुझ्या काकांनी सांगितलं म्हणे, 'सोनं-प्लॅटिनम तोल, मोडीचा भाव लाव, वर हिरा धर, त्यापुढे एक पैसा देऊ नकोस.' काका गावी पाटल्या मोडीत काढताना बरोबर असतील. इथे चूक आहेत. ती जाळी ज्याने हाताने कापली, त्याच्या कामाला किंमत आहे. तसं काम आज करून घ्यायला गेलास तर घडणावळ ऐकून गप्प बसशील. शंभर वर्षं टिकलेली, न बिघडवलेली, मूळ हिरा मूळ कोंदणात असलेली अंगठी दुर्मिळ असते आणि तिला जास्त मोजावे लागतात. दुकानदाराने भाडं भरायचं, काटे तपासून घट्ट करायचे, परत आली तर परत घ्यायची, याचाही नफा त्याला मिळायला हवा. तो चोर आहे असं मी म्हणत नाहीये. त्याने कार्डावर 'अंदाजे' लिहिलंच होतं. वाचायचं काम तुझं होतं. रास्त किंमत म्हणजे सर्वांत कमी किंमत नव्हे. जिचा प्रत्येक हिस्सा कशाचा आहे हे तुला सांगता येतं, ती. हिऱ्याचे इतके, धातूचे इतके, कामाचे आणि जुनेपणाचे इतके, दुकानदाराचे इतके. आणि त्यातून वजा : झिजलेले काटे पुन्हा बांधायचे, पातळ पट्टी भरायची, टवका उडाला असेल तर त्याचे.

हा हिशेब मांडलास? नाही. का नाही? मांडला की नाही म्हणायची वेळ येईल, ही भीती. तिच्यासमोर नाही म्हणावं लागेल, ही त्याहून मोठी भीती. अरे, जी मुलगी तुझ्याबरोबर आयुष्य काढणार आहे, तिला तू कॅलिपर काढलेलं बघून वाईट वाटेल असं वाटतं तुला? तिलाच भिंग दे हातात. कापलेल्या टोकाचं ते वर्तुळ दाखव. तिला त्या अंगठीबद्दल आत्तापेक्षा जास्त प्रेम वाटेल, आणि तूही पहिल्यांदा ती अंगठी नीट बघशील.

शनिवारी जा. मोजमाप कर. मग दुकानदाराकडून पावतीवर लिहून मागायचं : हिरा नैसर्गिक, प्रक्रिया न केलेला, वजन इतक्यापासून इतक्यापर्यंत, नील नैसर्गिक की कृत्रिम, काळ कोणता, काय बदललं, काय दुरुस्त केलं. ब्रिटनमधला २०१५ चा ग्राहक हक्क कायदा म्हणतो, वस्तू वर्णनाप्रमाणे हवी. पण वर्णन तोंडी असेल तर भांडशील कशावर? आणि दुकानात उभं राहून घेतलेली वस्तू नुसतं मन बदललं म्हणून परत करायचा हक्क कायदा देत नाही. घरबसल्या मागवलेल्या वस्तूला चौदा दिवस मिळतात, दुकानातल्या खरेदीला नाहीत. म्हणून 'स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल विपरीत आला तर पैसे परत' हेही पावतीवर लिहून घे. तज्ज्ञ तू निवडायचा, फी तू द्यायची, दुकानदाराने सुचवलेला नको. सरळ माणूस असेल तर लिहून देईल. लिहून द्यायला कांकू करत असेल तर डबी बंद करायची आणि बाहेर पडायचं.

जाण्याआधी घरी बसून आकडा काढ. एक कॅरेट धर, रंग के धर, लिलावांचे निकाल समोर ठेव, दुरुस्ती वजा कर, नफा मिळव. कागदावर लिही आणि खिशात टाक. दुकानात मापं बदलली तर आकडा बदल, दिव्यांमुळे बदलू नकोस. मग मला फोन कर. 'बरोबर आहे का' असं विचारलंस तर फोन ठेवीन. तुझा आकडा सांग, तो कसा काढलास ते ओळीने सांग. त्यात चूक असेल तर तासभर बोलेन तुझ्याशी.